समुपदेशन हा अतिरिक्त कार्यभार नव्हे

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी श्यामला हिल्स नावाची टेकडी आहे. या टेकडीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजेच एनसीईआरटीची क्षेत्रीय शिक्षण संस्था आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात व महाराष्ट्र यांच्याबरोबरच गोवाही याच संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे गोव्यातील शिक्षणक्षेत्राला भोपाळचे नाव नवीन नाही. टेकडीवरून दक्षिणेकडे, भदभद्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर कोटरा सुल्तानाबाद ही नागरी वस्ती लागते. एका बाजूला शिक्षक घडवणारी केंद्रीय संस्था आणि हाकेच्या अंतरावर सामान्य कुटुंबांची वस्ती, असे हे चित्र आहे. समुपदेशनाचे ज्ञान टेकडीवर असते. पण त्याची गरज भासते ती वस्तीतील हायस्कुलात, आठवी-नववीच्या वर्गात.

कोटरा सुल्तानाबादचा विद्यार्थी आणि वाळपई किंवा काणकोणचा विद्यार्थी यांचे शिक्षण मंडळ वेगळे, भाषा वेगळी. तरीही २५ जुलै २०२५ रोजी दोघे एकाच आदेशाच्या कक्षेत आले. त्या दिवशी न्यायमूर्ती विक्रम नाथ व न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी १५ मार्गदर्शक निर्देश दिले. संसदेने किंवा विधिमंडळांनी याविषयी कायदा करेपर्यंत हे निर्देश देशभरातील सरकारी व खासगी शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे या सर्वांवर बंधनकारक आहेत.

या निर्देशांपैकी एक हायस्कुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी आहेत, तिने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी. याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संलग्नता ठेवावी. गुणांच्या आधारे मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे यांनाही न्यायालयाने मज्जाव केला आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे आणि ‘टेलि-मानस’सारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असेही निर्देशांत म्हटले आहे.

आदेशाचे पालन कागदावर करणे अवघड नाही. एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेच्या नावापुढे ‘समुपदेशक’ असा शब्द लिहिला, कार्यालयाबाहेर क्रमांकाची पाटी लावली, की अहवालातील रकाना भरतो. पण समुपदेशन ज्या कारणाने परिणामकारक ठरते, ते कारणच अशा पालनातून निसटून जाते. याचा सर्वांत भक्कम पुरावा भारतातीलच आहे आणि त्याचे मूळ गोव्यात आहे.

आकड्यांमागे काय आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. २००१ साली हा आकडा ५,४२५ होता. राज्यनिहाय यादीत १,७६४ मृत्यूंसह महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता, तमिळनाडू दुसऱ्या आणि १,३४० मृत्यूंसह मध्य प्रदेश तिसऱ्या क्रमांकावर.

या आकडेवारीतील आणखी एक संख्या पाहण्याजोगी आहे. परीक्षेतील अपयश हे कारण ज्यांच्या नावापुढे नोंदले गेले, असे मृत्यू त्या वर्षी २,२४८ होते. म्हणजे निकालाचा दिवस हा या प्रश्नाचा एक भाग आहे. सर्व भाग नाही. घरातील कलह, आजार, छळ, नात्यांतील तुटलेपणा, लैंगिक अत्याचार, समवयस्कांची दादागिरी अशा अनेक गोष्टी मुलाच्या मनावर वर्षभर भार टाकत असतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये ‘परीक्षेचा ताण कसा घालवाल’ या विषयावर एक व्याख्यान ठेवून शाळेची जबाबदारी संपत नाही.

मध्य प्रदेशाने परीक्षेच्या बाजूने एक ठोस पाऊल उचलले. २०१६ साली तेथे ‘रुक जाना नहीं’ ही योजना सुरू झाली. दहावी-बारावीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तिच्यामुळे राज्य मुक्त शाळा मंडळामार्फत त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येऊ लागली. वर्ष वाया जाणार नाही, एवढी एक खात्रीही निकालाच्या दिवशी मुलाला मोठा आधार देऊ शकते. व्यवस्थेतील असा बदल कोणत्याही समुपदेशकाच्या शब्दांपेक्षा कमी मोलाचा नाही. परंतु जे ओझे निकालाशी निगडित नाही, ते उतरवण्यासाठी वर्षभर शाळेत उपस्थित असलेले माणूस लागते.

समुपदेशक नेमके काय करतो?

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा समज या शब्दातील साम्यामुळे होतो. प्रत्यक्षात चांगला समुपदेशक सर्वांत कमी करत असेल तर उपदेश. तो ऐकतो, प्रश्न विचारतो आणि मुलाला स्वतःच्या अडचणीची नीट मांडणी करायला मदत करतो.

समजा, सत्तरीतील एका गावातून आलेली आठवीतील मुलगी सतत गैरहजर राहते. वर्गशिक्षकाच्या हजेरीपटावर ती ‘अनियमित’ ठरते. समुपदेशकासमोर तीन-चार भेटींत हळूहळू उलगडते की, वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले की तिचे उच्चार ऐकून मागच्या बाकावरील मुले हसतात. अडचण एकदा शब्दांत आली की पुढची वाट दिसू लागते. वाचनाचा सराव कोणाबरोबर करावा, हसणाऱ्या मुलांशी कोणी बोलावे, वर्गशिक्षकांना काय सांगावे, असे पर्याय मुलगी स्वतः मांडते. त्यांतील एक निवडते, आठवडाभर करून पाहते आणि पुन्हा येऊन काय झाले ते सांगते. अडचण ओळखणे, पर्याय शोधणे, एक पर्याय अमलात आणणे आणि त्याचा आढावा घेणे, ही शालेय समुपदेशनात वापरली जाणारी एक पद्धत आहे.

तिला फार वेळ लागत नाही. दिल्लीतील सहा सरकारी शाळांत २५० किशोरवयीन मुलांबरोबर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक मुलासाठी २० ते ३० मिनिटांच्या चार-पाच बैठका होत्या आणि सोबत चित्रकथांच्या छोट्या पुस्तिका दिल्या होत्या. ज्या मुलांना केवळ पुस्तिका मिळाल्या, त्यांच्याशी तुलना केली असता समुपदेशकाला भेटलेल्या मुलांच्या स्वतः सांगितलेल्या मुख्य अडचणी अधिक कमी झाल्या. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. समुपदेशनाकडून काय अपेक्षा धरावी आणि काय धरू नये, याचा हा प्रामाणिक अंदाज आहे. रोजच्या जगण्यातील गुंता त्याने सुटू शकतो. तीव्र नैराश्य, भास होणे, स्वतःला इजा करणे यांसारख्या स्थितींत मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडेच नेले पाहिजे. ती वेळ ओळखणे आणि कुटुंबाला योग्य दारापर्यंत पोहोचवणे हेही समुपदेशकाचेच काम. गोव्यात ते दार बांबोळी येथील मनोविकार संस्थेचे किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे असते.

गोव्यात रुजले, नालंदात तपासले गेले

‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली गोव्यात स्थापन झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या लोकसंख्येच्या मानाने तोकडी असताना प्रशिक्षण दिलेल्या सर्वसामान्य व्यक्तींकडून मानसिक आरोग्याची प्राथमिक सेवा देता येईल का, हा या संस्थेच्या कामाचा गाभा राहिला आहे. आज भोपाळमध्येही तिचे केंद्र असून शेजारच्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन करण्याचे प्रशिक्षण तिने दिले आहे.

याच संस्थेने गोव्यातील माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. शाळेत एक प्रशिक्षित आरोग्य-समुपदेशक बसवायचा, त्याने संपूर्ण शाळेसाठी उपक्रम घ्यायचे आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याशी एकेकट्याने बोलायचे, अशी त्याची रचना होती. या प्रयोगाचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. पुढे बिहारमधील नालंदा जिल्ह्यात जो मोठा कार्यक्रम राबवला गेला, त्याचा पाया गोव्यातील याच अनुभवावर घातला गेला.

नालंदातील ७४ माध्यमिक शाळांची तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. तिन्ही गटांत राज्य सरकारचा किशोरावस्था शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम चालू होता. पहिल्या गटात एवढाच कार्यक्रम होता. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला शाळेतीलच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन नवा कार्यक्रम सोपवण्यात आला. तिसऱ्या गटात अगदी तोच कार्यक्रम चालवण्यासाठी बाहेरून एक व्यक्ती नेमली गेली. ही व्यक्ती मानसशास्त्राची पदवीधर नव्हती; प्रशिक्षण दिलेला सामान्य माणूस होता. प्रार्थनासभेत विषय मांडणे, भित्तिपत्रक चालवणे, मुलांना नाव न देता मन मोकळे करता यावे म्हणून पेटी ठेवणे, वर्गातील मुलांचे गट तयार करणे आणि ज्याला हवे त्याला एकांतात वेळ देणे, अशी कामे दोन्ही गटांत सारखीच होती.

नववीतील हजारो विद्यार्थ्यांना वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस तेच प्रश्न विचारण्यात आले. निष्कर्ष २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जिथे स्वतंत्र समुपदेशक होता, तिथे शाळेचे वातावरण मुलांना अधिक आपुलकीचे वाटू लागले. नैराश्याची लक्षणे घटली, दादागिरी आणि मारहाणही कमी झाली. जिथे तोच कार्यक्रम शिक्षकाने चालवला, तिथे नेहमीच्या शाळांच्या तुलनेत काहीही फरक पडला नाही. पुढील वर्षाचा पाठपुरावा २०२० साली प्रसिद्ध झाला. समुपदेशक असलेल्या शाळांतील फायदा त्यात टिकून राहिलेला आणि आणखी ठळक झालेला दिसला.

साहित्य, विषय आणि कार्यक्रमाचा आराखडा दोन्हीकडे सारखाच होता. बदलला होता तो केवळ माणूस आणि त्याचे शाळेतील स्थान.

शिक्षक कमी पडतो का?

या निष्कर्षाचा अर्थ शिक्षकांना माया नसते, असा काढणे अन्यायाचे होईल. गोव्यातील कितीतरी विद्यार्थी आपल्या आयुष्याला वळण दिल्याचे श्रेय एखाद्या शिक्षकालाच देतील. अडचण स्वभावाची नसून स्थानाची आणि वेळेची आहे.

शिक्षक गुण देतो, गृहपाठ तपासतो, गैरहजेरीची नोंद करतो आणि पालकांना बोलावून घेतो. ज्याच्या हाती आपली गुणपत्रिका आहे, त्याच्यापाशी ‘मला वर्गात यावेसे वाटत नाही’ असे म्हणायला मूल धजावत नाही. अडचण खुद्द एखाद्या शिक्षकाच्या वागण्याची असेल, तर त्याच्या सहकाऱ्याला ती सांगणे आणखीच कठीण होते. शिवाय शिक्षकाचा दिवस तासिकांमध्ये बांधलेला असतो. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते आणि स्नेहसंमेलनाची तयारी यांची भर पडते. मधल्या सुट्टीत दाराशी घुटमळणाऱ्या मुलाला ‘नंतर ये’ म्हणावे लागते आणि बहुधा ते मूल नंतर येत नाही.

श्यामला हिल्सवरील संस्थेचा अनुभव इथे लक्षात घ्यावा लागतो. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका भोपाळच्या केंद्रातही दिली जाते. हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आपल्या कामाच्या ठिकाणी सराव असतो. सेवेत असलेले शिक्षकही तो करू शकतात. म्हणजे शिक्षकाने समुपदेशक होण्याला तत्त्वतः आडकाठी नाही. परंतु वर्षभर शिकून आलेल्या शिक्षकाच्या वेळापत्रकात पूर्वीइतक्याच तासिका राहिल्या, तर ते शिक्षण वापरायला त्याला वेळ कधी मिळणार? प्रशिक्षित शिक्षकाकडे हे काम द्यायचेच असेल, तर त्याच्या तासिका कमी झाल्या पाहिजेत आणि ज्या मुलांना तो भेटतो, त्यांच्या उत्तरपत्रिका त्याच्याकडे असता कामा नयेत.

गोव्यातील व्यवस्था

गोवा या बाबतीत अनेक राज्यांच्या पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत येथील माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालयांना समुपदेशक पुरवले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांच्या कित्येक वर्षे आधीपासून ही व्यवस्था चालू आहे. ‘समुपदेशक’ हा शब्द इथल्या पालकांच्या कानावर आहे आणि मुलांच्या बोलण्यातही ‘काउन्सिलर टीचर’ रुळली आहे.

व्यवस्थेचे दुखणे दोन ठिकाणी आहे. एका समुपदेशकाकडे एकापेक्षा अधिक शाळा असतात; त्यामुळे तो एका शाळेत ठरावीक दिवशीच भेटतो. मुलाचे मन मात्र वार पाहून जड होत नाही. दुसरे दुखणे नेमणुकीच्या स्वरूपाचे. कंत्राटी नेमणुकीत माणूस टिकण्याची शाश्वती नसते. जून-जुलैत ज्याच्यापाशी मूल प्रथमच बोलले, तो पुढच्या वर्षी दिसला नाही, तर तीच गोष्ट दुसऱ्या अनोळखी माणसाला पुन्हा सांगण्याची उमेद फारच थोड्या मुलांत असते. नालंदात परिणाम दुसऱ्या वर्षी अधिक ठळक झाले, ही गोष्ट येथे आठवावी. विश्वासाला मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ नेमणुकीच्या आदेशातच द्यावा लागतो.

तिसरा मुद्दा खास गोव्याचा, भाषेचा. येथील असंख्य मुले मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथी पूर्ण करतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसतात. परराज्यांतून आलेल्या कुटुंबांच्या घरी कन्नड, हिंदी अशा भाषा बोलल्या जातात. इतिहासाचे उत्तर मूल इंग्रजीत पाठ करून लिहू शकते. पण घरी वडील मद्यपान करून आले की पोटात कसा गोळा येतो, हे ते घरच्या भाषेतच सांगणार. शाळेतील सूचना, पेटीवरील मजकूर आणि समुपदेशकाचे पहिले वाक्य मुलाच्या भाषेत असेल, तर निम्मा संकोच तेथेच गळून पडतो. नेमणूक करताना पदविकेबरोबर भाषाही पाहिली पाहिजे.

गुपित कोठवर राखायचे?

‘मी जे सांगेन ते घरी कळेल का?’ हा मुलाचा पहिला प्रश्न असतो. तो तोंडाने विचारला गेला नाही, तरी मनात असतोच. समुपदेशकाने त्याचे उत्तर पहिल्याच भेटीत द्यायचे असते. जे बोलले जाईल ते मुख्याध्यापक, शिक्षक किंवा पालक यांच्यापर्यंत जाणार नाही, हा नियम. त्याला काही अपवाद आहेत. मुलाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हे बंधन समुपदेशकापुरते नाही. मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई, कोणालाही ही माहिती कळली तरी ते लागू होते. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हा गुन्हा ठरतो.

हे अपवाद आधीच सांगितले, तर मूल बिचकेल अशी भीती काहींना वाटते. अनुभव उलटा आहे. काय सांगितले जाईल, कोणाला आणि कधी, हे आधी ठाऊक असले की मुलाला फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

गुप्तता शब्दांइतकीच जागेवरही अवलंबून असते. कर्मचारीकक्षाच्या कोपऱ्यात, ये-जा चालू असताना कोणीही मन मोकळे करत नाही. प्रयोगशाळेची सामानाची खोली असो वा ग्रंथालयाच्या मागची जागा, दार लोटता येईल अशी एक खोली शाळेने दिली पाहिजे. ध्वनिक्षेपकावरून किंवा भर वर्गात नाव पुकारून मुलाला समुपदेशकाकडे पाठवण्याची पद्धतही बंद झाली पाहिजे. ज्याचे नाव असे पुकारले जाते, त्याला मधल्या सुट्टीत ‘वेडा’ हे विशेषण चिकटायला वेळ लागत नाही.

हा शिक्का पुसण्याचा एक साधा उपायही आहे. दिल्लीतील शाळांतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात समुपदेशकाने प्रत्येक वर्गात जाऊन एक तास घेतला. ताण म्हणजे काय, आपण कोण, कोठे बसतो, कसे भेटता येईल, एवढेच त्याने सांगितले. केवळ शाळाभर माहिती लावली होती, त्या काळाच्या तुलनेत अशा तासानंतर मदत मागणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढली. नामफलकापेक्षा ओळखीचा चेहरा अधिक उपयोगी ठरला.

शिक्षकांच्या मनाचे काय?

शाळेतील मानसिक आरोग्याची चर्चा मुलांपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. कर्मचारीकक्षात बसलेली माणसेही त्याच इमारतीत दिवस काढतात. वर्गातील एखाद्या मुलाने स्वतःला इजा केली, अपघातात विद्यार्थी दगावला, एखाद्या घरातील हिंसा अचानक समोर आली, की वर्गशिक्षकालाही झोप लागत नाही. ‘मला आधी का कळले नाही’ हा प्रश्न तो वर्षानुवर्षे बाळगतो. त्याखेरीज घरचे आजारपण, बदलीची टांगती तलवार, कंत्राटी नोकरीची अनिश्चिती, निकालाच्या टक्केवारीचा जाच हे सारे असतेच. थकलेला शिक्षक चिडतो, चिडलेल्या शिक्षकाच्या वर्गात मुले भेदरतात आणि मग तीच मुले समुपदेशकाच्या दाराशी येतात.

समुपदेशकाने सहकारी शिक्षकाचा दीर्घकाळ उपचारकर्ता होणे योग्य नाही. रोज एकत्र चहा घेणाऱ्या दोघांमध्ये ते अंतर राखता येत नाही. तो पहिले ऐकून घेऊ शकतो आणि बाहेरील तज्ज्ञाकडे जाण्याची वाट सोपी करून देऊ शकतो. शाळेत दुःखद घटना घडल्यास कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून बोलते करणे, कोणाला रजेची वा मदतीची गरज आहे हे मुख्याध्यापकांच्या ध्यानी आणून देणे, हे त्याला करता येते. वर्षातून दोनदा जे प्रशिक्षण न्यायालयाने सांगितले आहे, त्यात विद्यार्थ्यांची लक्षणे ओळखण्याबरोबर शिक्षकांनी स्वतःची लक्षणे ओळखण्यासही एक सत्र राखून ठेवता येईल. शिपाई, प्रयोगशाळा साहाय्यक, माध्यान्ह आहार वाढणाऱ्या बायका यांनाही त्यात बसवावे. डबा न खाता कोपऱ्यात बसलेले मूल बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसते.

खुद्द समुपदेशकालाही कोणीतरी लागतो. दिवसभर इतरांची दुःखे ऐकणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी अनुभवी तज्ज्ञापाशी आपल्या कामाचा आढावा घेता आला पाहिजे. अशी सोय नसेल, तर काही वर्षांत चांगली माणसे हे काम सोडून जातात.

पालकांनी काय पाहावे?

पुढील पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत गुणांबरोबर चार प्रश्न विचारता येतील. आमच्या शाळेत समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतो? त्याला स्वतंत्र खोली आहे का? तो कोणते विषय शिकवतो किंवा उत्तरपत्रिका तपासतो का? मुलाला त्याच्याकडे जायचे असेल, तर वर्गशिक्षकांची परवानगी लागते का? या चार उत्तरांवरून शाळेत समुपदेशन आहे की समुपदेशनाची केवळ नोंद आहे, हे कळेल.

घरी पाहण्यासारख्या खुणा ठळक असतात. झोपेत किंवा जेवणात झालेला मोठा बदल, आवडीचा खेळ किंवा मित्र अचानक सुटणे, सकाळी शाळेच्या वेळी वारंवार पोट दुखणे, आवडत्या वस्तू इतरांना देऊन टाकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही बोलणे. यांपैकी शेवटच्या दोन खुणांना थट्टा किंवा नाटक समजू नये. मुलाला जीव नकोसा झाला आहे का, असे शांतपणे आणि थेट विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी ओळखले याचा त्याला दिलासा वाटतो. असे बोलणे झाल्यावर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. समुपदेशकाच्या पुढील वाराची वाट पाहू नये.

कोटरा सुल्तानाबादपासून काणकोणपर्यंत येत्या काळात शाळा आपापले अनुपालन अहवाल पाठवतील आणि प्रत्येक अहवालात समुपदेशकाचे नाव असेल. ते नाव ज्याचे आहे, त्याच्या हातात वेळ आहे का, मागे लोटता येईल असे दार आहे का आणि पुढच्या वर्षी तो तिथेच असणार आहे का, हे अहवालात लिहावे लागत नाही. ते शिक्षण खात्याने आणि पालकांनी विचारून घ्यावे लागेल.

(मदत हवी असल्यास : ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.)